देऊळगाव राजाला हवं रोज उघडणारं सभागृह

देऊळगाव राजात वर्षभर काही ना काही चालू असतं. आश्विनात बालाजी महाराजांची यात्रा भरते, मोठाले लाकडी लाठे उभे करून मंडप बांधण्याच्या लाठा मंडपोत्सवाला आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं लोटतात. गणपती, नवरात्र, हरिनाम सप्ताह, शाळांची स्नेहसंमेलनं, कबड्डीचे सामने, बचत गटांचे मेळावे हे सगळं आहेच. यातलं बहुतेक उघड्यावर किंवा भाड्याच्या मांडवात होतं आणि तिथेच अडचण सुरू होते. मृगापासून दसऱ्यापर्यंत पावसाचा भरवसा नाही. मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे सरकतो आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसणं अशक्य होतं. हातात उरतात ते हिवाळ्याचे चार महिने, म्हणून सगळे कार्यक्रम त्यातच कोंबावे लागतात. तीस हजारांच्या आसपास लोकसंख्येच्या (२०११ ची जनगणना) तालुक्याच्या गावाला बारा महिने वापरता येईल अशी एक बंदिस्त, सर्वांची आणि अनेक कामांची वास्तू हवी, असं या लेखाचं म्हणणं आहे. तिची रचना मात्र आपल्याकडच्या नेहमीच्या सांस्कृतिक भवनापेक्षा वेगळी असायला हवी.

कायद्याची बाजूही पाहू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. पण बंदिस्त नाट्यगृह, सामुदायिक सभागृह अशा जागांत आतल्यापुरता ध्वनिक्षेपक चालतो, हा अपवाद त्याच नियमात आहे. शेतीची कामं आणि दुकानं आटोपून प्रेक्षक साडेआठ-नऊला जमतो, अशा गावात उघड्यावरचं नाटक किंवा गाण्याची मैफल तासाभरातच गुंडाळावी लागते. भिंती आणि छप्पर असलेल्या जागेत तोच कार्यक्रम सावकाश रंगू शकतो, आणि शेजारच्या घरातलं अभ्यास करणारं मूल आणि आजारी म्हातारं माणूस यांनाही त्रास होत नाही.

तरीही मोठे कार्यक्रम हे या मागणीचं मुख्य कारण नव्हे. खरी गरज रोजची आहे. पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणारी मुलं महिन्याला पैसे मोजून खासगी अभ्यासिकेत बसतात. खेळायचं म्हटलं तर मुलींनी मैदानावर कुठवर थांबायचं, हा घरोघरीचा प्रश्न असतो. निवृत्त माणसांना मंदिराचा ओटा आणि चहाची टपरी सोडून बसायला जागा नाही. सिनेमा, मोठी खरेदी, मुलांचं शिबिर अशा कशासाठीही तीसेक किलोमीटरवरचं जालना गाठावं लागतं, आणि जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा तर त्याच्या दुपटीहून लांब. ज्याच्या दारात गाडी आहे तो जातो. बाकीच्यांचं, विशेषतः बायकांचं आणि शाळकरी मुलांचं, राहून जातं.

अशी मागणी झाली की आपल्याकडे ठरलेली दोन उत्तरं मिळतात: नाट्यगृह किंवा क्रीडासंकुल. दोन्ही चांगलीच, पण तीस हजारांच्या गावात एकेकटं कुठलंच पेलत नाही. उतरत्या खुर्च्यांचं नाट्यगृह नाटकाखेरीज फारसं कशाला उपयोगी पडत नाही आणि या गावात वर्षाला नाटकं होणार किती? उरलेले दिवस कुलूप, मग खुर्च्या उंदरांच्या ताब्यात, मग दुरुस्तीचा प्रस्ताव. मोठ्या शहरांतली नाट्यगृहंसुद्धा दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं बंद राहिलेली महाराष्ट्राने पाहिली आहेत. तिसरी पद्धत जास्त चिंतेची आहे. आमदार-खासदार निधीतून गल्लोगल्ली, समाजासमाजाची वेगवेगळी सभागृहं आणि सभामंडप उभे राहतात. प्रत्येकाची गरज खरी असते, पण दहा-पंधरा लाखांच्या तुकड्यांत विखुरलेला पैसा एकाही जागी धड स्वच्छतागृह, वीज आणि राखणदार देऊ शकत नाही. शिवाय गावातली सगळी माणसं एका छताखाली येण्याची जागा त्यातून कधीच तयार होत नाही.

खेळ आणि नाटक जवळ आणण्याचा दाखला आपल्याकडेच आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान आणि १९१५ मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं केलं. आखाडा आणि रंगभूमी एकमेकांना खेटून असाव्यात, दोन्हीकडे येणारा माणूस एकच आहे, ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वीची आहे. संस्थानाला दोन वास्तू परवडल्या. लहान गावाने त्या एकाच छताखाली आणाव्यात.

ते कसं जमेल, हे आकड्यांत मांडता येतं. ३२ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि आतून ९ मीटर उंच असा सपाट जमिनीचा एक हॉल कल्पा. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटरचं असतं, तेव्हा अशी तीन कोर्टं त्यात मोकळी जागा सोडून आरामात बसतात. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९ मीटरचं. तीही त्याच जागेत मावतात. एका टोकाला कायमचा रंगमंच बांधला आणि कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडल्या तर मधल्या वाटा धरून सहाशे माणसं बसतात. खेळ आणि नाटक यांच्या गरजा एकमेकांविरुद्ध जातात असं वाटतं, पण उजेडाच्या बाबतीत दोघांचं जमतं. बॅडमिंटनपटूला बाजूच्या खिडकीतून डोळ्यांवर येणारा झोत नको असतो आणि नाटकवाल्याला तर काळोखच हवा असतो. खिडक्या बाजूच्या भिंतींत खाली न ठेवता वर झरोक्यांसारख्या ठेवल्या, त्यांना पडदे लावले आणि भिंतींना गडद रंग दिला की दोघांचं काम भागतं. आवाजाच्या बाबतीत मात्र तडजोड करावी लागेल. सपाट, रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि नुसत्या पत्र्यावर पाऊस पडू लागला की वक्त्याचं एक अक्षर ऐकू येत नाही. म्हणून छपराला उष्णता आणि आवाज दोन्ही अडवणारा थर, मागच्या भिंतीला ध्वनिशोषक फळ्या आणि जाड पडदे यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात हवा. नंतर करू म्हटलेलं हे काम कधीच होत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशातून हमखास गळते: सामानाची खोली. सहाशे खुर्च्या, गुंडाळलेल्या मॅट, जाळ्या, खांब, टेबलं, ध्वनियंत्रणा हे सगळं ठेवायला रंगमंचाला लागून, रुंद दाराची निदान ६० चौरस मीटर जागा लागते. ती नसली की खुर्च्या हॉलच्या कोपऱ्यात रचल्या जातात, मग एक कोर्ट बंद होतं, मग दुसरं, आणि खेळणारी मुलं येणं थांबवतात. चार माणसांनी तासाभरात मॅट गुंडाळून खुर्च्या मांडता आल्या तरच ही वास्तू बहुउद्देशीय. नाहीतर ती पहिल्याच लग्नसराईत मंगल कार्यालय होऊन बसते.

हॉल, रंगमंच, सामानाची खोली, ८० जणांची अभ्यासिका, दोन छोट्या खोल्या, महिलांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं आणि व्हरांडा मिळून बांधकाम साधारण १५०० चौरस मीटर होईल. चौरस मीटरला ३० हजार रुपये धरले तर साडेचार कोटी. ही रक्कम आवाक्याबाहेरची नाही. नगरोत्थान योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदार निधी यांची सांगड घातली तर ती टप्प्याटप्प्याने उभी राहू शकते. अवघड आहे ते पुढचं. बांधकाम खर्चाच्या दोन टक्के दरवर्षी देखभालीला म्हणजे ९ लाख, महिना १५ हजारांवर चार माणसं म्हणजे ७ लाख २० हजार, वीज आणि किरकोळ ४ लाख धरले तर वर्षाला २० लाखांवर खर्च. उत्पन्नात खेळाचे १२० सभासद महिना ५०० रुपयांनी ७ लाख २० हजार देतील, अभ्यासिकेच्या ८० जागा ४०० रुपयांनी ३ लाख ८४ हजार, आणि कार्यक्रमांचे ६० दिवस १० हजारांनी ६ लाख. एकूण १७ लाखांच्या थोडं वर. उरलेली तूट सव्वातीन लाखांच्या आत, म्हणजे गावात माणशी वर्षाला दहा-अकरा रुपये. हे आकडे माझा अंदाज आहेत आणि ते वरखाली होतील, पण गणित मांडण्याची पद्धत हीच हवी. कार्यक्रमांच्या भाड्यापेक्षा रोजच्या वापराची वर्गणी जास्त पैसा आणते, हे त्यातून दिसतं.

पहिला आक्षेप रास्त आहे: आधी पाणी, रस्ते, नाल्या. संत चोखासागर धरण तालुक्यातच आहे, तरी पाण्याची काळजी कुणाच्या मनातून जात नाही, अशा भागात सभागृहाची गोष्ट चैनीची वाटणारच. पण पाणीपुरवठ्याचं अनुदान आणि सांस्कृतिक-क्रीडा कामांचं अनुदान बरेचदा वेगवेगळ्या शीर्षाखाली येतं. एक नाकारलं म्हणून दुसरं वाढत नाही. ते शेजारच्या गावाला जाऊ शकतं. नगरपरिषदेच्या स्वतःच्या तिजोरीतून दरवर्षी जायची आहे ती वरची तूट, आणि तेवढी ठरवून सोसता येते.

दुसरा आक्षेप मंगल कार्यालयांच्या मालकांचा: सरकारी जागा स्वस्तात दिली तर आमचा धंदा बसेल. त्यांचं म्हणणं ऐकायला हवं, कारण त्यातच या वास्तूचं हित आहे. लग्नांना दर महिन्याला मोजकेच दिवस, बाजारभावाने, आणि परीक्षांच्या काळात एकही नाही, असा नियम सुरुवातीलाच करावा. लग्नाच्या भाड्याची चटक लागली की अभ्यासिकेतल्या मुलांना आणि पहाटे खेळायला येणाऱ्या मुलींना रोज माघारी जावं लागतं. महिन्याभरात ती माणसं तुटतात आणि त्यांच्याबरोबर वर वर्णन केलेलं उत्पन्नही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे: चालवणार कोण? पालिकेकडे माणसं नाहीत, ठेकेदाराला दिलं तर तो भाडंच पाहणार. याचं एक उत्तर जपानकडे आहे. महायुद्धात होरपळलेल्या जपानने १९४६ पासून गावोगावी ‘कोमिनकान’ नावाची लोककेंद्रं उभी केली, १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने त्यांना पाया दिला, आणि आज ती दहा हजारांहून जास्त आहेत. वाचन, हस्तकला, व्यायाम, सभा, सगळं एका जागी. इमारत पालिकेची आणि कार्यक्रम ठरवण्यात स्थानिकांचा हात, ही वाटणी तिथे टिकली. देऊळगाव राजात अशी समिती जमवायला माणसं आहेत: शाळा-महाविद्यालयांचे क्रीडा आणि सांस्कृतिक शिक्षक, बचत गटांच्या अध्यक्षा, वाचनालयाचे कार्यकर्ते, यात्रेची व्यवस्था वर्षानुवर्षं सांभाळणारी मंडळी. लाठा मंडपासारखं जोखमीचं काम ज्या गावात दरवर्षी शिस्तीत पार पडतं, तिथे एका हॉलचं वेळापत्रक सांभाळणारं कुणी मिळणार नाही, हे मला पटत नाही. समितीत निम्म्या महिला असाव्यात, कारण दिवाबत्ती, स्वच्छतागृह आणि घरी परतण्याची वेळ हे प्रश्न पुरुषांच्या बैठकीत शेवटी येतात.

सुरक्षेबाबत काटकसर मुळीच नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं तेच केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. आतून लाकूड, पडदे आणि जुनी वायरिंग असलेली कुठलीही वास्तू किती लवकर पेट घेते हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते समितीने हॉलच्या दारावर लावावं. जागा बस स्थानकापासून पायी जाता येईल अशी हवी. गावाबाहेर फुकट मिळणारी जमीन दिसायला स्वस्त, पण संध्याकाळनंतर तिथे मुली जाणार नाहीत.

आणि भूमिपूजनाची घाई नको. आधी समिती नेमावी आणि गावातल्या शाळा-महाविद्यालयांचे हॉल ठरावीक तासांसाठी मागून घेऊन हेच वेळापत्रक एक वर्ष चालवून पाहावं: पहाटे खेळ, दिवसा अभ्यासिका, दुपारी बचत गट, रात्री तालीम. वर्गणी खरीखुरी घ्यावी आणि रोजची हजेरी नोंदवहीत लिहावी. १२० सभासदांऐवजी ७० मिळाले तर दोनच कोर्टांचा हॉल बांधावा. अभ्यासिकेबाहेर रांग लागली तर तिच्या जागा वाढवाव्यात. वर्षाच्या शेवटी वास्तुविशारदासमोर ती नोंदवही ठेवावी आणि नकाशा तिच्यावरून काढून घ्यावा.