ऐकू येते, पण कळत नाही

जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या आश्रमशाळेतील पहिलीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. काही महिन्यांपूर्वी भरभरून बोलणारे एक मूल आता हाकेला वळत नाही. 'पाटी काढा' म्हटले, तर शेजाऱ्याकडे पाहून काढते. कोणी म्हणते, मूल हट्टी झाले. कोणी म्हणते, कान बिघडले. घरी वारली किंवा ठाकूर बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी, म्हणून कळत नसेल, असेही वाटते. यांपैकी कोणतेही कारण खरे असू शकते. पण क्वचित एक चौथे कारणही असते, आणि ते म्हणजे अपस्मार.

अपस्मार, फेफरे किंवा फिट म्हटले, की हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस आठवतो. हे त्याचे एकच रूप. मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत्-संदेशांनी बोलतात. एखाद्या भागातील असंख्य पेशी एकदम, अनावरपणे संदेश सोडू लागल्या, की झटका येतो. तो भाग हालचालींचा असेल तर हातपाय झडतात. मग तो भाग ध्वनीचा असेल तर?

कान ध्वनी पकडतो, पण त्याचा अर्थ लावत नाही. अंतर्कर्णात ध्वनिकंपनांचे विद्युत्-संदेश होतात आणि श्रवणचेतेतून, टप्प्याटप्प्याने, कानशिलाच्या आत असलेल्या मेंदूच्या शंखखंडात पोहोचतात. तेथे ध्वनीची फोड होते. 'कार' आणि 'खार' हे शब्द सावकाश उच्चारून पाहा. फरक आहे तो 'क'नंतरच्या श्वासाचा, सेकंदाच्या काही शतांश भागांचा. बोलणे समजायचे तर मेंदूने असे फरक अखंड टिपत राहिले पाहिजे.

कॅनडातील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी अपस्माराच्या जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना शंखखंडाला सौम्य विद्युत्-स्पर्श केला, तेव्हा काहींना नसलेले आवाज, तर काहींना गाणे ऐकू आले. या भागात झटका सुरू झाला, तर रुग्णाला गुणगुण किंवा बोलणे ऐकू येऊ शकते. याला 'अंगात आले' म्हणण्याचे कारण नाही.

आपल्या वर्गातील मुलाची गोष्ट याहून वेगळी. १९५७ साली अमेरिकेतील विल्यम लँडाऊ आणि फ्रँक क्लेफ्नर यांनी अशा सहा मुलांचे वर्णन केले. चांगली बोलणारी ही मुले बोलणे समजेनाशी झाली आणि मग त्यांची स्वतःची वाणीही हरपली. लँडाऊ-क्लेफ्नर विकार या नावाने ओळखला जाणारा हा दुर्मिळ आजार बहुधा तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. श्रवणमापन केले तर कान ठीक निघतात. बिघाड असतो तो अर्थ लावणाऱ्या भागात. झोपेतील विद्युत्-आलेख, म्हणजे ई.ई.जी., काढला की तेथे अपस्माराच्या टोकदार लहरींची रांग दिसते. दिवसा शिकलेले पक्के होण्याची वेळ झोपेची. नेमकी तीच या गोंगाटात जाते. काही मुले अशी, की त्यांना दिसणारा झटका कधी येतच नाही. म्हणून चूक होते.

मग शिक्षकाने काय ओळखावे? कळीचा प्रश्न एकच, आणि तो आईला विचारायचा: 'घरच्या बोलीत हे मूल आधी जसे समजायचे, बोलायचे, तसे आता बोलते का?' शाळेची भाषा अनोळखी असलेले मूल घरच्या बोलीत अडत नाही. या विकारात मात्र आईची बोलीही परकी होते. पाठीमागे टाळी वाजवून पाहण्यावर विसंबू नये; ही मुले कधी कधी टाळीलाही दाद देत नाहीत. कानातला मळ, कान फुटणे ही कारणे कितीतरी जास्त आढळतात, म्हणून आधी कान तपासावेत. पण आलेली भाषा जात असेल, तर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्याला सांगावे. मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या सरकारी रुग्णालयातून नाशिक-मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्यावी आणि झोपेतील आलेखाची आठवण द्यावी.

औषधोपचाराने पुष्कळ मुलांत सुधारणा होते. झटके वयात येईपर्यंत बहुधा थांबतात. भाषा मात्र प्रत्येकाची पूर्ण परततेच असे नाही. म्हणून उशीर नको. तोवर मुलाला पुढे बसवा. चित्रे, खुणा, लिहिलेले शब्द वापरा, कारण डोळ्यांची वाट उघडी असते. आणि वर्गात कोणाला झटका आलाच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबले नाही, तर रुग्णालय गाठा.

हाकेला न वळणाऱ्या मुलाला छडी दाखवण्यापूर्वी एवढा विचार आपण नक्की करू शकतो.