कोठीच्या थांब्यापासून मुसीच्या उगमाकडे

हैदराबादेतील कोठी म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती गर्दी. सुलतान बाजारातील दुकाने, पदपथावर मांडलेले जुन्या पुस्तकांचे ढीग आणि एकामागून एक येणाऱ्या बसगाड्या, हेच या भागाचे नित्याचे रूप होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स किर्कपॅट्रिक याच्या कारकिर्दीत मुसी नदीच्या उत्तर तीरावर ब्रिटिश रेसिडेन्सीची भव्य वास्तू उठली, आणि त्या 'कोठी'वरूनच या भागाला आजचे नाव पडले. तेथील थांब्यांवर उभी असलेली माणसे बहुधा कचेरीची, शाळेची किंवा बाजाराची वाट धरणारी असतात. तीच बस सुटीच्या दिवशी मनुष्यास डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडू शकते, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

वस्तुतः या भूमीत सार्वजनिक बसची परंपरा जुनी आहे. निजामाच्या राज्यात 1932 साली सरकारी बसवाहतूक सुरू झाली, तेव्हा तिच्यापाशी अवघ्या 27 गाड्या आणि 166 नोकर होते. आज तेलंगणाच्या खेडोपाडी जाणाऱ्या साध्या गाडीस 'पल्ले वेलुगू' म्हणतात. या तेलुगू शब्दांचा अर्थ 'खेड्याचा उजेड' असा आहे. ही गाडी गावोगावी थांबत जाते. तिला घाई नसते, आणि पायी भटकणाऱ्यासही ती असू नये.

स्वतःची मोटार असताना बसने का जावे, असा प्रश्न सहज विचारला जाईल. त्याचे उत्तर काटकसरीच्या पलीकडचे आहे. जो मोटार घेऊन जातो, त्याला ती जेथे उभी केली तेथेच परत यावे लागते. त्याची पायवाट खुंटीला बांधलेल्या दोरीसारखी वर्तुळात फिरते. बसने जाणारा एका गावी उतरून डोंगर ओलांडून दुसऱ्या गावी बस पकडू शकतो. महाराष्ट्रातील भटक्यांना हे रहस्य केव्हाच उमगले आहे. एस. टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि पुढे ही गाडी खेड्यापाड्यांत पोहोचली तशी सह्याद्रीची दारे सामान्य माणसाला उघडली. वेल्ह्यास उतरावे, तोरणा चढावा, डोंगराच्या धारेने राजगडास जावे आणि गुंजवण्यास उतरून परतीची वाट धरावी, हा प्रवास पायांच्या नि बसच्या जोडीनेच साधतो.

हैदराबादेभोवती सह्याद्री नाही. पण जे आहे ते त्याहून कितीतरी पुरातन आहे. येथील ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी भूगर्भात खोलवर थिजलेल्या शिलारसाचा बनला आहे. वरचे थर झिजत गेले, तसा हा खडक उघडा पडला. थंड होताना त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या होत्या. त्यांत पाणी मुरले. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांना पाणी अनेक बाजूंनी भिडते म्हणून कोपरे आधी कुजले, आणि ठोकळ्यांचे गोल धोंडे झाले. एकावर एक रचल्यासारखे दिसणारे हे धोंडे कोणी आणून ठेवलेले नाहीत. भोवतालची माती वाहून गेल्यावर ते जागच्या जागी उरले आहेत.

हे पाहावयाचे तर नवशिक्याने मौला अलीच्या टेकडीपासून प्रारंभ करावा. शहराच्या ईशान्येस असलेल्या या टेकडीपर्यंत शहर-बसने, वाटेत एकदा गाडी बदलावी लागली तरी, सहज जाता येते. उघड्या खडकातून चढणाऱ्या पायऱ्या माथ्यावरील दर्ग्याकडे नेतात. पायथ्याशी उर्दू कवयित्री माहलका बाई चंदा हिची कबर आहे. आपल्या आईसाठी तिने 1792 साली येथे समाधी बांधविली आणि 1824 मध्ये तीही तेथेच विसावली. अर्ध्या दिवसाच्या या फेरीत खडक, इतिहास आणि नगराचे विहंगम दर्शन तिन्ही पदरात पडतात.

दुसरा टप्पा भुवनगिरीचा, म्हणजेच भोंगीरचा. हैदराबादपासून सुमारे 50 किलोमीटरांवर, वरंगलच्या दिशेस, एकच एक प्रचंड शिलाखंड पाचशे फुटांहून अधिक उंच उठला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा त्रिभुवनमल्ल सहावा विक्रमादित्य याच्याशी या दुर्गाचे नाव जोडलेले आहे. इसवी सन 1076 मध्ये राज्यावर येऊन स्वतःचा शक चालविणाऱ्या या राजाची सत्ता महाराष्ट्राच्या मोठ्या भागावरही होती, हे मराठी वाचकास स्मरेलच. कोठीपासून पायी जाण्याजोग्या महात्मा गांधी बसस्थानकातून अथवा उप्पलहून भोंगीरची गाडी मिळते. चढ गुळगुळीत कातळाचा आहे. पावसात तो निसरडा होतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. चढणीस सकाळी लवकर लागावे आणि पाणी सोबत न्यावे.

तिसरी वाट अनंतगिरीची. महात्मा गांधी बसस्थानकातून विकाराबादची गाडी चेवेळ्याच्या रस्त्याने जाते. या रस्त्यावर दुतर्फा जुने वटवृक्ष उभे आहेत. रुंदीकरणाच्या योजनेपायी त्यांच्यावर कुऱ्हाड येऊ घातली, तेव्हा हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचला. बसच्या खिडकीतून ही सावली अनुभवणाऱ्यास त्या वादाचे मर्म निराळे समजवावे लागत नाही. विकाराबादेहून तांडूरच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटरांवर अनंतगिरीची रानझाडी लागते. येथे पायांखालची भूमी बदलते. ग्रॅनाइट मागे पडून तांबडा जांभा आणि दख्खनचा काळा पाषाण सुरू होतो. सह्याद्रीचे कडे ज्या लाव्ह्याचे, त्याच लाव्ह्याच्या पसाऱ्याची ही पूर्वेकडील कड होय.

अनंत पद्मनाभस्वामींच्या मंदिराजवळील या डोंगरातच मुसीचा उगम आहे. मुसीचे जुने नाव मुचकुंदा. कालयवनाला नुसत्या दृष्टीने भस्म करणारा पुराणातला मुचकुंद याच गुहांत निजला होता, अशी स्थानिक आख्यायिका आहे. चादरघाटच्या पुलावरून मुसीचे काळे, दुर्गंधियुक्त पाणीच आयुष्यभर पाहिलेल्या माणसास पावसाळ्यानंतर येथील झरे पाहून विस्मय वाटल्यावाचून राहणार नाही. हीच नदी 28 सप्टेंबर 1908 रोजी कोपली आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर तिच्या बंदोबस्तासाठी 1920 साली उस्मानसागर आणि तिच्या उपनदीवर 1927 साली हिमायतसागर बांधून पुरा झाला.

अशा प्रवासाचे काही साधे नियम आहेत. जेथे गाड्या विरळ आहेत तेथे पदयात्रा सुरू करावी आणि जेथे त्या वारंवार सुटतात तेथे ती संपवावी. अनंतगिरीस बसने चढून विकाराबादेस पायी उतरणे श्रेयस्कर, ते याचसाठी. उशीर झाला तरी मोठे बसस्थानक समोर असते. शेवटची गाडी कोणती, हे उतरतानाच कंडक्टरला विचारावे, आणि बेत आखताना तिच्या आधीची गाडी हीच शेवटची मानावी. गाडीवरची पाटी तेलुगू असली तरी विचारपूस करण्यास हिंदी पुरते. पिकातून न जाता बांधावरून जावे, रानात शिरण्यापूर्वी वनखात्याच्या लोकांस विचारावे, आणि कड्याखाली मोहोळ दिसल्यास धूर वा गलका करू नये.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात राहणाऱ्या स्त्रियांना राज्याच्या हद्दीत पल्ले वेलुगू, एक्सप्रेस आणि शहरातील साध्या बसगाड्यांत भाडे द्यावे लागत नाही. रहिवासाचा पुरावा मात्र जवळ ठेवावा लागतो. घरखर्चातून स्वतःच्या हौसेसाठी पैसे काढताना ज्या गृहिणीचा हात अडखळे, तिच्यासाठी डोंगराची वाट आता तितकी दूर राहिलेली नाही. पाच-सहाजणींनी मिळून निघावे, डबे सोबत घ्यावेत आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे, एवढीच काय ती तयारी.

पायवाट चालणाऱ्यांच्या पायांनी जिवंत राहते आणि आडगावची बस उतारूंच्या आधारावर चालू राहते. ज्या टेकडीवर कोणी जात नाही, तिचा दगड फोडून नेला तरी हरकत घेणारा भेटत नाही. ज्या झाडांखालून कोणी गेलेले नाही, त्यांच्यासाठी कोणी बोलत नाही. मुसीचेही तसेच आहे. तिचे निर्मळ पाणी ज्याने एकदा पाहिले आहे, तो कोठीकडे परतताना चादरघाटच्या पुलावर केवळ नाकाला रुमाल लावून स्वस्थ बसणार नाही. ही नदी मुळात अशी नव्हती, हे त्याला ठाऊक झालेले असेल.