कोरडी असेपर्यंत ताठ!

मातीचा ढीग करून पाहिलाय ना? कितीही उंच करा, कडेची माती घरंगळत खाली येते आणि ढीग आपोआप उतरता होतो. सुटी माती अशीच वागायची. मग चीनच्या उत्तर भागात कित्येक मीटर उंचीचे, नुसत्या मातीचे कडे भिंतीसारखे ताठ उभे कसे राहतात? त्यांना ना सिमेंटचा गिलावा, ना दगडांचा आधार!

या पिवळसर मातीचं नाव लोएस. भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्याच्या धड्यात ती एखाद्या ओळीत येते आणि पुढच्या ओळीत निघूनही जाते. मला ते नेहमी खटकतं, कारण इतकी अजब माती शोधून सापडायची नाही.

ही माती तिथे आणून टाकली वाऱ्याने. वाळवंटातून वारा सुटतो, तेव्हा वाळूचे जड कण फार दूर जात नाहीत. त्यांच्याहून बारीक धूळ मात्र शेकडो किलोमीटर उडत जाते आणि वारा मंदावला की खाली बसते. हे कण किती बारीक? एका मिलिमीटरच्या जागेत 20 ते 100 कण ओळीने बसतील, एवढे! चीनच्या लोएस पठारावर ही धूळ सुमारे 26 लाख वर्षं साचते आहे आणि काही ठिकाणी तिचा थर 300 मीटरहूनही जाड आहे. सगळं वाऱ्याचं काम आहे, हे 1870च्या दशकात फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने ठामपणे मांडलं. त्याचा एक पुरावा मला फार आवडतो. त्या मातीत गोगलगायींचे शंख सापडत होते, पण ते जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायींचे! माती जर तळ्यात साचली असती, तर त्या तिथे कशा आल्या असत्या?

आता आत डोकावू. हवेतून अलगद उतरलेले हे कण कोनेरी असतात आणि जसे पडले तसेच एकमेकांना टेकून राहतात. मधे भरपूर जागा उरते. जवळपास अर्धी माती आणि अर्धी पोकळी! कण जिथे एकमेकांना टेकतात, तिथे चिकणमाती आणि चुना सुकून त्यांना जोडतात. शिवाय त्या सांध्यांत पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा असतो, तोही कणांना एकमेकांकडे ओढून धरतो.

राजगिऱ्याचा लाडू आठवा. हलक्या फुललेल्या दाण्यांमध्ये हवाच हवा, आणि दाण्यांना धरून ठेवतो तो गुळाचा पाक. कोरडा लाडू कसा घट्ट असतो! आता तो दुधात बुडवा आणि चमच्याने हलकेच दाबा. पाक विरघळतो, दाणे सुटतात आणि लाडू बसकण मारतो. लोएसचं अगदी असंच होतं. पाणी भरलं की चिकणमाती मऊ पडते, पोकळ्या पाण्याने भरल्यामुळे त्या पापुद्र्यांची ओढ संपते, आणि वर भार असेल तर कण घसरून पोकळ्यांत जाऊन बसतात. जमीन एकाएकी खचते.

आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यात पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीचे कण खूप. लोएसमध्ये ते कमी, म्हणून तिची तऱ्हा उलटी.

ती किती खचेल, हे बघायची प्रयोगशाळेतली रीतही सोपी आहे. 2 सेंटीमीटर जाडीची मातीची चकती धातूच्या कड्यात बसवतात, तिच्यावर वजन ठेवतात आणि मग पाणी सोडतात. पाण्यामुळे ती 0.3 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त दबली, तर चीनमधल्या नियमाप्रमाणे ती ‘खचणारी’ माती ठरते. नखाच्या जाडीएवढा हा फरक! पण जमिनीखाली असा 20 मीटरचा थर असेल, तर त्याच हिशोबाने घर 30 सेंटीमीटर खाली जाईल.

तरीही माणसं या मातीत राहतात, आणि मजेत राहतात. चीनमध्ये लोएसचे कडे कोरून केलेल्या घरांना याओदोंग म्हणतात. कमानीचं छत, हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. काही कोटी लोक अशा घरांत राहत आले आहेत. अमेरिकेतही मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग गावाला 1863 साली वेढा पडला, तेव्हा तोफगोळ्यांपासून वाचायला गावकऱ्यांनी तिथल्या लोएसमध्येच गुहा खणल्या होत्या. त्या भागात रस्त्यासाठी टेकडी कापताना कडा मुद्दाम उभी ठेवतात. उतार केला तर त्यावर जास्त पाऊस पडतो आणि माती वाहून जाते!

पण जमीन हादरली, की हीच घरं घात करतात. 23 जानेवारी 1556 रोजी चीनच्या शान्शी प्रांतात मोठा भूकंप झाला. कडे कोसळले, याओदोंग ढासळले आणि सुमारे 8 लाख 30 हजार माणसं गेली, अशी नोंद आहे. माहीत असलेल्या भूकंपांमध्ये एवढी जीवितहानी दुसऱ्या कुठल्याच भूकंपात झालेली नाही. 1920च्या हाययुआन भूकंपातही लोएसच्या टेकड्याच्या टेकड्या घसरून गावं गाडली गेली.

भूकंप नसतानाही पाणी एकटं पुरेसं असतं. गान्सू प्रांतातल्या हेइफांगताई या सपाट पठारावर 1960च्या दशकापासून शेतीसाठी पीत नदीचं पाणी वर चढवलं जातं. ते जमिनीत मुरत गेलं, खालच्या थरात साठलं, आणि पठाराच्या कडा पुन्हा पुन्हा कोसळू लागल्या. ज्या पाण्यावर पीक उभं आहे, तेच पाणी पायाखालची जमीन सोडवतंय. तिथल्या शेतकऱ्यांनी करायचं तरी काय, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो.

लोएसवर मोठं बांधकाम करायचं असेल, तर अभियंते आधी त्या पोकळ्यांच्या मागे लागतात. दहा-वीस टनांचं वजन क्रेनने उंच उचलून धाडकन जमिनीवर सोडतात, पुन्हा उचलतात, पुन्हा सोडतात. कधी भोकं पाडून त्यांत चुना मिसळलेली माती ठासून भरतात. कालवा खणायचा असेल, तर काही ठिकाणी जमीन आधीच मुद्दाम पाण्याने भिजवतात, तिला हवं तेवढं खचू देतात, आणि ती पुरती बसली की मगच कामाला लागतात.