जॉर्जियातलं अथेन्स: ऐकायला जायचं गाव

अटलांटाला मुलाकडे किंवा बहिणीकडे गेलेल्या मराठी पाहुण्याला कोका-कोलाचं संग्रहालय, मत्स्यालय आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर बहुधा दाखवलं जातं. तिथून साधारण ११० किलोमीटरवरचं अथेन्स मात्र सहसा राहून जातं. जॉर्जिया राज्यातलं हे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं विद्यापीठाचं गाव. १९८०च्या दशकात अमेरिकन रॉक संगीताला त्याने जे दिलं, ते भल्याभल्या महानगरांना जमलं नाही. पण ‘पाहायची ठिकाणं’ अशी यादी घेऊन गेलात तर पदरी थोडी निराशा येईल, कारण यादीतली अर्धी ठिकाणं आता जागेवर नाहीत.

विद्यापीठ आधी, गाव मागून

जॉर्जिया विद्यापीठाला सनद मिळाली १७८५ मध्ये, वर्ग भरायला मात्र १८०१ साल उजाडलं. जॉन मिलेज यांनी ओकोनी नदीकाठची ६३३ एकर जमीन घेऊन दिली आणि ग्रीसमधल्या विद्यानगरीचं नाव या माळावर येऊन बसलं. देशातलं पहिलं सरकारी विद्यापीठ आपलंच, असं इथले लोक सांगतात. तिकडे नॉर्थ कॅरोलिनावाले म्हणतात, सनदेचं सोडा, वर्ग आम्ही आधी भरवले!

गावाचा बाजार आणि विद्यापीठाचा परिसर यांच्या सीमेवर ओतीव लोखंडाची एक कमान आहे. शिक्षण पुरं होण्याआधी विद्यार्थी तिच्याखालून गेला तर त्याला पदवी मिळत नाही, अशी समजूत आहे. त्यामुळे मुलं शहाण्यासारखी बाजूने जातात. कमानीजवळच्याच एका इमारतीला होम्स आणि हंटर ही नावं दिली आहेत. हॅमिल्टन होम्स आणि शार्लेन हंटर हे या विद्यापीठातले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्यांना प्रवेश मिळाला आणि दोनच दिवसांत हंटर यांच्या वसतिगृहावर जमाव चालून गेला. बाहेर काढलं गेलं ते या दोघांना, आणि परत आणायलाही न्यायालयच लागलं. कमानीसमोर फोटो काढणाऱ्याने ही इमारत चुकवू नये.

गाणी इथेच का?

याचं श्रेय संगीत विभागापेक्षा चित्रकलेच्या विभागाला जास्त जातं. १९७०च्या दशकात घरभाडी स्वस्त होती, जुनी लाकडी घरं मोठी होती आणि कलाविभागातल्या मुलांना पार्ट्यांत नाचायला काहीतरी हवं होतं. वाद्यावर हात बसलेला नसला तरी चालेल, डोक्यात काहीतरी वेगळं हवं, हा चित्रकारांचा हिशोब गाण्यालाही लागू झाला. बी-फिफ्टीटूज या बँडने १९७७च्या व्हॅलेंटाइन डेला अशाच एका घरगुती पार्टीत पहिल्यांदा वाजवलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांचं नाव झालं तसा मागे राहिलेल्यांनाही हुरूप आला. पायलॉन हा बँड तर कलाविभागातल्या मुलांनीच काढला. त्यांचा ढोलकिया कर्टिस क्रो याच्या माळ्यावर एकच चाळीस वॉटचा दिवा टांगलेला असे. ‘फोर्टी वॉट क्लब’ हे नाव त्यावरून पडलं. क्लबने मग बऱ्याच जागा बदलल्या. आज तो वेस्ट वॉशिंग्टन स्ट्रीटवर आहे.

आर.ई.एम. या बँडची गोष्ट सुरू होते रेकॉर्डच्या दुकानात. पीटर बक ‘वक्सट्री’मध्ये नोकरीला होता आणि कलाविभागातला मायकेल स्टाइप तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचा. माइक मिल्स आणि बिल बेरी येऊन मिळाले आणि ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला चौघांनी पहिल्यांदा वाजवलं, तेही वापरात नसलेल्या एका चर्चमध्ये. जगभर नाव झाल्यावरही बँडचं कार्यालय अथेन्समध्येच राहिलं. माझ्या मते गावाची कीर्ती टिकली ती यामुळे.

काय गेलं, काय उरलं

ते चर्च १९९० मध्ये पाडलं. ओकोनी स्ट्रीटवर आता नुसता मनोरा उभा आहे. आर.ई.एम.च्या ‘मर्मर’ (१९८३) या अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेला रेल्वेचा लाकडी पूल जीर्ण झाला. त्या जागी आता पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी नवा पूल आहे. जॉर्जिया थिएटर २००९ मध्ये जळालं, पण ते नव्याने बांधून २०११ मध्ये पुन्हा उघडलं. वक्सट्री अजून आहे. जुन्या तबकड्या चाळत तासभर सहज जातो.

मनोऱ्याजवळच ‘नूचीज स्पेस’ आहे. एका तरुण वादकाने आत्महत्या केल्यावर त्याच्या आईने २०००मध्ये ही जागा सुरू केली. तालमीच्या खोल्या आणि मानसिक आरोग्यासाठी मदत असं दोन्ही इथे वादकांना मिळतं. कोणत्याही पुतळ्यापेक्षा मला हे स्मारक मोठं वाटतं.

हॉट कॉर्नर

रॉकच्या कितीतरी आधी वॉशिंग्टन आणि हल या रस्त्यांच्या ‘हॉट कॉर्नर’ नावाच्या चौकात कृष्णवर्णीयांची दुकानं, दवाखाने आणि करमणूक होती. मन्रो ‘पिंक’ मॉर्टन या कृष्णवर्णीय उद्योजकाने १९१० मध्ये इथे मॉर्टन थिएटर बांधलं. ते अनेक वर्षं बंद होतं, १९९३ मध्ये पुन्हा सुरू झालं. फोर्टी वॉटला जाणारे याच चौकातून जातात, मान वर न करता.

झाड आणि तोफ

डिअरिंग आणि फिनली रस्त्यांच्या कोपऱ्यावर ‘स्वतःच्या मालकीचं’ ओकचं झाड आहे. विल्यम जॅक्सन नावाच्या गृहस्थाने झाडाला त्याचीच जमीन लिहून दिली, अशी आख्यायिका. मूळ झाड १९४२ मध्ये कोसळलं. त्याच्याच बीपासून वाढवलेलं रोप १९४६ मध्ये तिथे लावलं, म्हणजे आता वारस नांदतो आहे. नगरभवनासमोर १८६२ची दुनळी तोफ आहे. दोन गोळे मधल्या साखळीसह एकदम सुटावेत, अशी कल्पना होती. चाचणीत ते कुठेही गेले, नेमावर मात्र नाही.

कधी जावं, काय खावं

सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले शनिवार अमेरिकन फुटबॉलचे. सॅनफर्ड स्टेडियममध्ये नव्वद हजारांहून अधिक लोक बसतात, त्यामुळे अशा शनिवारी खोली शोधणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली शोधणं. जूनमध्ये ‘अॅथफेस्ट’ असतो. तेव्हा भर बाजारात उघड्यावरचे कार्यक्रम फुकट ऐकता येतात. जॉर्जिया कलासंग्रहालय आणि राज्याचं वनस्पती उद्यान यांनाही प्रवेशशुल्क नाही.

‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२) हे आर.ई.एम.च्या अल्बमचं नाव वीव्हर डीज या इथल्या खाणावळीच्या घोषवाक्यावरून घेतलं. दक्षिणेतल्या अशा खाणावळींत पालेभाजीसुद्धा बऱ्याचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, म्हणून शाकाहाऱ्यांनी विचारूनच मागवावं. शाकाहारींचा हक्काचा अड्डा असलेलं ‘द ग्रिट’ २०२२ मध्ये बंद झालं.

कुठे कोण वाजवणार आहे, हे ‘फ्लॅगपोल’ या फुकट मिळणाऱ्या पत्रात पाहावं. बँड मंचावर येईपर्यंत बरीच रात्र होते, तेव्हा अटलांटाला त्याच रात्री परतायचा बेत न केलेला बरा.