जतन करणें व निर्यात करणें

जुन्या कागदपत्रांचीं छायाचित्रें संगणकावर उजळून वाचण्याची पद्धत आतां संशोधकांच्या अंगवळणीं पडली आहे. या कामीं उपयोगी पडणाऱ्या ‘गिंप’ नामक आज्ञावलींत ‘सेव्ह’ म्हणजे जतन व ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे निर्यात अशा दोन भिन्न क्रिया आहेत. त्या एकच मानल्यामुळें प्रस्तुत लेखकाच्या हातून एका मोडी पत्राचा पुरावा नासला. सबब हा भेद विशद करणें अवश्य वाटतें.

स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस यांनीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत विद्यार्थिदशेंत असतां १९९५ सालीं ही आज्ञावली रचण्यास आरंभ केला. पूर्वीं तींत एकाच आज्ञेनें कोणत्याही प्रकारची फाइल लिहितां येई. २०१२ सालच्या २.८ या आवृत्तीपासून मात्र ‘सेव्ह’ केल्यास केवळ ‘एक्ससीएफ’ प्रकारची फाइल होते; जेपेग, पीएनजी इत्यादि प्रकार निर्यातीकडे गेले. कारण उघड आहे. एक्ससीएफमध्यें चित्राचे सर्व थर पृथक् राहतात. जेपेगमध्यें ते एकजीव होतात. शिवाय आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद असे चौकोन पाडून त्यांतील कांहीं बारीक तपशील कायमचा गाळला जातो. पीएनजीमध्यें तपशील गळत नाहीं, परंतु थर तेथेंही एक होतात.

आमच्या पत्रांत मितीजवळचीं अक्षरें पुसट होतीं. तीं आम्हीं निराळ्या थरावर शाईच्याच रंगानें गिरविलीं, आणि मूळ छायाचित्राच्याच नांवावर जेपेग निर्यात केली. बंद करतांना आज्ञावलीनें ‘जतन झालें नाहीं’ असें बजावलें. पण निर्यात झाली, मग जतन कशाला, असें म्हणून आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. पुढें मितीविषयीं शंका निघाली, तेव्हां कोणती रेघ मूळ लेखकाची व कोणती आमची, हें आम्हांसच सांगतां येईना. कागद तोंवर मालकाकडे परत गेला होता.

ग्रंथसंपादक स्वतः घातलेलीं अक्षरें कंसांत देतो. थर हे चित्रांतील कंसच होत. निर्यात म्हणजे कंस पुसून काढलेली प्रत. ती मित्रास धाडण्यास वा छापण्यास योग्य, पुरावा म्हणून नव्हे. म्हणून मूळ छायाचित्र अस्पर्श ठेवावें, काम एक्ससीएफमध्यें जतन करावें, आणि निर्यात सर्वांच्या शेवटीं, निराळ्या नांवानें करावी.