साऱ्या घराची मोटार

ज्या वाहनाविषयीं मी आज बोलणार आहें, त्याला इंग्रजींत ‘मिनीव्हॅन’ असें म्हणतात. परंतु नांदेडच्या वजिराबादेंत किंवा लातूरच्या गंजगोलाईंत हा शब्द उच्चारला, तर ऐकणारा क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहत राहील. आपल्याकडे कोणी तिला ‘ओम्नी’ म्हणेल, कोणी ‘मेटॅडोर’, कोणी ‘सुमो’, तर कोणी ‘क्रूझर’. प्रत्येकीला नांव आहे, पण साऱ्यांच्या जातीला नांव नाहीं. याचें कारण असें कीं, अमेरिकेंत ही गाडी कुटुंबाची मोटार म्हणून बुद्धिपुरस्सर घडविली गेली. आपल्या भागांत ती मालाची गाडी म्हणून आली, भाड्याची गाडी म्हणून राहिली, आणि पुढें केव्हां तरी घरची झाली. माझें तर असें मत आहे कीं, मराठवाड्यांत ही गाडी मोटारीची वारस नव्हेच. ती बैलगाडीची वारस आहे. हें विधान थोडें विचित्र वाटेल. तें कां केलें हें सांगण्यापूर्वीं, ही गाडी म्हणजे काय तें पाहूं.

नेहमीची मोटार म्हणजे तीन खोल्यांचें घर होय. पुढच्या खोलींत एंजिन, मधल्या खोलींत माणसें, मागच्या खोलींत सामान. एवढ्या लांबीच्या गाडींत माणसांच्या वांट्याला जेमतेम निम्मी लांबी येते. मिनीव्हॅनच्या कर्त्यांनीं या मधल्या भिंती पाडल्या. एंजिन आसनाखालीं दडविलें, किंवा अगदीं मागें नेलें, किंवा पुढें आडवें बसवून त्याची जागा आंखूड केली. छप्पर उंच केलें, तळ सपाट केला, आणि जी एकच लांब खोली उरली तिच्यांत आसनांच्या दोन किंवा तीन रांगा मांडल्या. सामान फार असेल तर मागची रांग दुमडावी. पाहुणे आले तर पुन्हां उघडावी. आपल्या जुन्या वाड्यांतील माजघराची व्यवस्था अशीच असे: दुपारीं निवडण-टिपण, रात्रीं अंथरुणें, आणि घरांत कार्य निघालें कीं पंगत.

ही कल्पना कागदावर सोपी असली तरी तिला रूप यावयास पुष्कळ वर्षें लागलीं. अमेरिकेंत विल्यम स्टाउट नांवाचे विमानें बांधणारे एक एंजिनीयर होते. त्यांनीं १९३५ च्या सुमारास ‘स्कॅरब’ नांवाची गाडी काढली. एंजिन मागें, आंत हलवितां येणाऱ्या खुर्च्या आणि एक मेज. जणूं चालती बैठकच. पण तिची किंमत पांच हजार डॉलर होती, आणि त्या काळीं साधी फोर्ड मोटार हजार डॉलरांच्या आंत मिळत असे. सात-आठ-नऊ गाड्यांवरच तो प्रकार आटोपला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्यें, बेन पॉन या डच व्यापाऱ्यानें जर्मनींतील फोक्सवॅगनच्या कारखान्यांत सुटे भाग इकडून तिकडे नेणारी एक ओबडधोबड गाडी पाहिली आणि वहींत एक आकृति रेखाटली: चौकोनी पेटी, चालक अगदीं पुढें, एंजिन अगदीं मागें, मधली सारी जागा मोकळी. १९५० पासून ती गाडी तयार होऊं लागली. इटलींत फियाट कंपनीनें १९५६ मध्यें ‘मल्टिप्ला’ काढून साडेतीन मीटर लांबींत सहा माणसें बसविलीं.

तथापि ‘कुटुंबाची गाडी’ हें नांव जिनें खऱ्या अर्थानें मिळविलें, ती अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीची. हॅल स्पर्लिक आणि ली आयाकोका हे दोघे पूर्वीं फोर्ड कंपनींत होते. लहान आकाराच्या, घरगुती व्हॅनची कल्पना स्पर्लिक यांनीं तेथेंच मांडली होती; ती तेथें रुजली नाहीं. पुढें दोघेहि क्रायस्लरमध्यें आले. त्या कंपनीचें दिवाळें वाजण्याची वेळ आली होती, आणि १९८० च्या आरंभीं सरकारनें दीड अब्ज डॉलर कर्जाची हमी दिली म्हणून ती तगली. अशा पडत्या काळांत त्यांनीं ही गाडी करावयास घेतली, आणि १९८३ च्या नोव्हेंबरांत ‘डॉज कॅरॅव्हॅन’ व ‘प्लिमथ व्हॉयेजर’ या जुळ्या गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. त्यांतील मर्म असें होतें. एंजिनाची शक्ति मागच्या चाकांकडे न्यावयाची तर गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा न्यावा लागतो, आणि त्याच्यासाठीं तळ उंच करावा लागतो. यांनीं शक्ति पुढच्याच चाकांना दिली. दांडा गेला, तळ खालीं आला, पायरी ठेंगणी झाली. घरच्या गराजमध्यें मावेल एवढीच तिची उंची होती, आणि चालविण्यास ती मोटारीसारखीच सोपी होती. पुढच्याच वर्षीं फ्रान्समध्यें रेनॉल्टची ‘एस्पास’ आली, आणि मग जगभर हा प्रकार पसरला.

आतां आपल्याकडे येऊं. ‘टेंपो’ हा शब्द आज आपल्या बोलींत इतका मुरला आहे कीं, तो कोणाचें विशेषनाम होता हें कोणी ध्यानांत घेत नाहीं. टेंपो ही जर्मनींतील एक मोटार-कंपनी. तिच्या सहकार्यानें फिरोदियांच्या बजाज टेंपो कंपनीनें १९५८ पासून आपल्याकडे तीनचाकी मालगाड्या केल्या, आणि त्यानंतर कोणाच्याहि कारखान्याची लहान मालगाडी आपल्या लेखीं टेंपोच ठरली. याच कंपनीनें १९६९ मध्यें ‘मेटॅडोर’ काढली. मी मास्तरकीला लागलों त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून ती सर्वत्र दिसे. सकाळीं मोंढ्यांत तुरीचीं पोतीं उतरविलेली मेटॅडोर दुपारीं झाडून-पुसून, आंत सतरंजी अंथरून वऱ्हाड घेऊन निघे. वऱ्हाडी मंडळींच्या कपड्यांना तुरीचा भुसा लागे, पण त्याची तक्रार केल्याचें मला आठवत नाहीं. एस. टी. ची वाट पाहत फाट्यावर उभें राहण्यापेक्षां तें पुष्कळ बरें होतें.

१९८४ मध्यें मारुतीची व्हॅन आली, आणि १९८८ मध्यें तिचें नांव ‘ओम्नी’ असें ठेवण्यांत आलें. सुझुकी कंपनीच्या ‘कॅरी’ या जपानी गाडीची ती आवृत्ति. जपानांत अगदीं लहान मोटारींना करांत सवलत मिळते, मात्र त्यांची लांबी-रुंदी कायद्यानें बांधलेली असते. त्या मापांत जास्तींत जास्त जागा काढावयाची तर एंजिनाला स्वतंत्र खोली देणें परवडत नाहीं. म्हणून तें पुढच्या आसनांखालीं गेलें. ओम्नीची लांबी अवघी अकरा फूट होती, एंजिन ७९६ घनसेंटिमीटरांचें, म्हणजे मारुति ८०० मध्यें होतें तेवढेंच. आणि तरीहि तिचा एक प्रकार आठ माणसांचा होता. दोन्ही अंगांचीं दारें सरकतीं असल्यामुळें जुन्या गांवांतील अरुंद बोळांतहि तीं उघडत. पायरी ठेंगणी. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला जीपमध्यें चढविणें म्हणजे दोघांचें काम. ओम्नींत तें माणूस स्वतः बसत असे. नऊवारी नेसणाऱ्या किती तरी आजी आयुष्यांत प्रथमच ‘घरच्या मोटारी’नें तुळजापूरला किंवा माहूरला गेल्या, त्या याच गाडीनें. ही गोष्ट मोटारींच्या इतिहासांत कोणी लिहीत नाहीं, पण मला ती तिच्या एंजिनापेक्षां महत्त्वाची वाटते.

१९९४ मध्यें पुण्याच्या टाटांची ‘सुमो’ आली. पुष्कळांची समजूत आहे कीं, हें नांव जपानी मल्लांवरून घेतलें. वस्तुतः तें सुमंत मुळगांवकर यांच्या नांवाच्या आद्याक्षरांचें आहे. सुमोला लांब नाक होतें, म्हणून काटेकोर व्याख्येनें ती मिनीव्हॅन नव्हे. पण मागें समोरासमोरचे आडवे बाक टाकून तिनें घरचीं आठ-दहा माणसें नेलीं, तेव्हां व्याख्येसाठीं तिला बाहेर ठेवणें मला पटत नाहीं. टोयोटाची ‘क्वालिस’ २००० मध्यें व ‘इनोव्हा’ २००५ मध्यें आली. तीं सधनांचीं आणि प्रवासी-धंदेवाल्यांचीं वाहनें.

आतां बैलगाडीच्या वारसाहक्काविषयीं. लातूर-धाराशिवकडील श्रोत्यांना वेळ अमावास्या, म्हणजे आपली येळवस, काय असते हें सांगावयास नकोच, इतरांसाठीं सांगतों. मार्गशीर्षांतील अमावास्येच्या या दिवशीं शेतांत कडब्याची कोप उभारून पूजा करतात, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, खीर व आंबील असें जेवण उभ्या रब्बीच्या पिकांत बसून होतें. त्या दिवशीं लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. शहरांत नोकरी करणारे दोघे भाऊ, त्यांच्या बायका, चार-पांच मुलें, आई, एखादी आत्या, आणि शेत नसलेला एखादा शेजारी, शिवाय आंबिलीचें मडकें, भाकरींच्या टोपल्या, घागरी आणि सतरंज्या, एवढें सारें एका खेपेंत शेतावर पोंचलें पाहिजे. चार दारांच्या नेहमीच्या मोटारीला हें काम साधत नाहीं. मडकें मांडीवर घेऊन बसतां येतें, पण मग आत्या मागें राहते. बैलगाडीनें असा पेंच कधींच पडूं दिला नव्हता. तिच्यांत आसनें नव्हतींच, तेव्हां तीं मोजण्याचा प्रश्नहि नव्हता; जागा म्हणजे एक सपाट तळ, आणि त्याच्यावर माणूस, मडकें व वासरूं यांचा समान हक्क. मेटॅडोर, ओम्नी, क्रूझर यांनीं आपल्याला तोच सपाट तळ परत दिला. म्हणून त्या इतक्या लौकर आपल्याशा झाल्या. नांदेड-लातूर या दोन शहरांना सरळ जोडणारा लोहमार्ग नाहीं, आगगाडीनें परळी-परभणीचा वळसा पडतो; त्यामुळें अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यावर या गाड्यांना सुगीचे दिवस आले, हेंहि तितकेंच खरें.

परंतु वारसा घेतांना आपण बैलगाडीची मालमत्ता घेतली तशी तिची खोडहि घेतली. ‘बसतील तितकीं माणसें’ हा बैलगाडीचा नियम होता, आणि ताशीं चार किलोमीटर चालणाऱ्या वाहनाला तो शोभत होता. व्हॅन ताशीं ऐंशीनें जाते. वेग वीसपट झाला तर आघाताची शक्ति वीसपट होत नाहीं. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणजे चारशेंपट होते. बैलगाडी उलटली तर माणूस धूळ झटकून उठत असे. शिवाय नेहमीच्या मोटारीचें जें लांब नाक आपण निरुपयोगी म्हणून कापून टाकलें, तें सर्वस्वीं निरुपयोगी नव्हतें. टक्कर झाली असतां तें चुरगळतें, आणि चुरगळण्यांत आघात खर्ची पडतो. ओम्नींत चालकाचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्यें पत्रा आणि कांच याखेरीज फारसें कांहीं नव्हतें. तिची थोडी लांब नाकाची धाकटी बहीण ‘ईको’ २०१० मध्यें आली. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेनें २०१६ मध्यें तिची भिंतीवर टक्कर घेऊन परीक्षा केली, तेव्हां प्रौढांच्या सुरक्षिततेसाठीं तिला शून्य तारे मिळाले. पुढें नियम कडक झाले, पुढील दोन्ही आसनांसमोर हवेच्या पिशव्या सक्तीच्या झाल्या. नव्या नियमांत न बसणारी ओम्नी २०१९ मध्यें बंद पडली. सुमोहि त्याच वर्षीं गेली.

कारखान्यांनीं नियम पाळले म्हणून प्रश्न सुटत नाहीं. शाळेच्या फाटकाशीं मीं तीस-पस्तीस वर्षें उभा राहून पाहिलें आहे. आठांच्या गाडींतून पंधरा मुलें उतरत, आणि दप्तरें छपरावर बांधलेलीं असत. कांहीं चालक पेट्रोल महाग म्हणून घरगुती सिलिंडरचा गॅस चोरून भरीत. म्हणजे मुलांच्या पाठीशीं उघडा धोकाच ठेवीत. पालकांशीं बोललें तर ते म्हणत, “गुरुजी, दुसरी गाडी महिना जास्त मागते.” त्यांची अडचण मला समजत असे, पण तें उत्तर मला कधीं मान्य झालें नाहीं. गाडींत किती पट्टे आहेत तितकींच माणसें, हा हिशेब पहिलींतल्या मुलालाहि येतो.

हल्लीं या जातीच्या गाड्या पुन्हां नाक लावून आल्या आहेत. २०१२ मध्यें मारुतीची ‘अर्टिगा’ आली. नाशिकच्या कारखान्यांतून २०१८ मध्यें निघालेल्या महिंद्रांच्या ‘मराझो’ला त्याच परीक्षेंत चार तारे मिळाले, ती मात्र फारशी खपली नाहीं. चार मीटरांहून आंखूड मोटारींना करांत सूट देण्याचें धोरण आपल्याकडे २००६ पासून आलें. त्या मापांत सात आसनें बसविण्याची करामत रेनॉल्टनें २०१९ च्या ‘ट्रायबर’मध्यें केली. जपानी कायद्यानें एंजिन आसनाखालीं ढकललें, तसा आपल्या कायद्यानें तिसरा बाक मागच्या दाराला टेकविला.

अमेरिकेंत आतां ही गाडी जुन्या वळणाची समजली जाते. तेथें उंच, राकट दिसणाऱ्या मोटारींचें वेड आहे, आणि तें आपल्याकडेहि आलें आहे. आमच्या आळींत अशा मोटारी पुष्कळ झाल्या. त्यांचे मालक येळवशीच्या आदल्या रात्रीं भाड्याची क्रूझर कोठें मिळेल तें विचारीत फिरतात. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या घरीं चारच माणसें आहेत, त्यांनीं वर्षभर तीन आसनें रिकामीं वाहून नेण्यापेक्षां तो एक दिवस भाड्यानें काढणें शहाणपणाचें होय. मात्र गाडी ठरवितांना भाव करण्यापूर्वीं मागचें दार उघडून पाहावें, बाक समोर तोंड करून आहेत कीं आडवे आहेत, प्रत्येकाला पट्टा आहे कीं नाहीं, हें पाहावें. आणि ज्यांना सात आसनांची गाडी विकतच घ्यावयाची आहे, त्यांनीं दुकानांत चालकाच्या जागीं बसून समाधान मानूं नये. तिसऱ्या रांगेंत अर्धा तास बसून पाहावें. तेथें गुडघे छातीला लागत असतील, तर ती जागा मुलांची समजावी, आईला मधल्या रांगेंत दाराजवळ बसवावें, आणि आंबिलीचें मडकें मागच्या दारापाशीं नीट बांधून ठेवावें.