वाळू सरकारची, पावती पंचायतीची

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या एसटी स्टँडवर चहा पीत होतो. कोकणात ग्रामपंचायती समुद्रकिनाऱ्यावर येणाऱ्यांकडून पैसे घेतात, त्यावरून पर्यटक हुज्जत घालतात, किनारे मात्र घाणच राहतात, यावर लिहा म्हणाले. म्हटलं, साहेब, आमच्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, पण तोवर ती गुजरातची झालेली असते. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "समुद्र नसेल, किनारा तर आहे?"

किनारा आहे. प्रकाशा आणि सारंगखेडा इथे तापीवर बॅरेज झाल्यापासून उन्हाळ्यातही काठाला पाणी टेकलेलं असतं. पूर्वी चैत्रात जिथून बैलगाड्या पार व्हायच्या तिथे आता होडी लागते. पाणी आलं की माणूस येतो. कुणी अस्थी घेऊन, कुणी दशक्रियेला, कुणी नवस फेडायला, आणि रविवारी कुणी नुसतंच भेळ बांधून. माणसामागून गाड्या येतात आणि गाड्यांमागून पावतीपुस्तक घेतलेला एक माणूस येतो. मला जायचं होतं ते या माणसाकडे.

तो भेटला काठावरच्याच एका गावात. ग्रामपंचायतीचा जुना शिपाई. नाव छापू नका म्हणाला, म्हणून गावही सांगत नाही. एरवी तो नळाचे व्हॉल्व्ह फिरवतो आणि नोटिसा वाटतो. यात्रेच्या आणि पर्वणीच्या दिवशी मात्र तो रस्त्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पुस्तक, दोन पानांमध्ये कार्बन. बोट ओलं करायला प्लास्टिकच्या डबीत स्पंजचा तुकडा. गाडी थांबली की नंबर लिहायचा, रक्कम, तारीख, आणि मग पावती फाडायची. फाडण्याची त्याची एक लकब आहे. डाव्या अंगठ्याने स्थळप्रत दाबून धरायची आणि उजव्या हाताने वरून खाली एकच हिसका द्यायचा. छिद्रांच्या ओळीवर कागद असा सुटतो की एकही दात वाकडा राहत नाही. दुपारपर्यंत मी हेच पाहत होतो. एका बाईंनी काच खाली करून विचारलं, "हाई काय शे?" तो म्हणाला, "ताई, गाडीतळनी पावती." कितला? तिने विचारलं, पैसे दिले, गाडी पुढे गेली. ती पावती दहा पावलांवर खिडकीतून बाहेर पडली. त्याने उठून ती उचलली, चुरगळून खिशात घातली आणि पुन्हा खुर्चीत बसला. "झाडायचं तर मलाच शे," म्हणाला.

या एका वाक्यात माझा लेख संपला होता. पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण आहे.

आधी कायद्याचं. ग्रामपंचायत पैसे घेते ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली आणि १९६० च्या कर व फी नियमांनुसार. त्या कलमाची यादी वाचताना मला जुना महाराष्ट्र डोळ्यांपुढे आला. घरपट्टी आहे, यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा-उत्सवांवरचा कर आहे, आठवडे बाजाराची फी आहे, गुरचराईची फी आहे. वाहनतळासाठी यादीत काय आहे? बैलगाड्यांचे तळ आणि टांग्यांचे तळ. आज काठावर उभी राहणारी पांढरी इनोव्हा कायद्याच्या हिशेबात बैलगाडीची नात आहे. आमच्याकडे हे फारसं विनोदी वाटत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा टांगा, घोडा, बैलगाडी आणि इनोव्हा एकाच धुळीत उभी असतात. मारवाडी, काठियावाडी, नुकरा घोडे देशभरातून येतात. घोड्यांच्या खरेदी-विक्रीची नोंद शहाद्याची कृषी उत्पन्न बाजार समिती ठेवते. म्हणजे त्या एका मैदानात घोड्याचा हिशेब एका संस्थेकडे, दुकानांच्या जागेचा दुसरीकडे, बंदोबस्त पोलिसांकडे. यात्रा उठल्यावर उरलेली लीद, उसाची चिपाडं आणि प्लास्टिकचे पेले कुणाकडे, हे सांगायला कुणाला कलम काढावं लागत नाही.

कलम आहे मात्र. त्याच अधिनियमाचं ४५ वं, आणि त्याला जोडलेली ग्रामसूची. सार्वजनिक जागांची स्वच्छता पंचायतीच्या पदरात आहे. पण त्या जागेची मालकी? जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. नदीचं पात्र सरकारचं, आणि भरतीरेषेखालचा समुद्रतळही सरकारचा. तापीची वाळू आणि कोकणातल्या नागावच्या किनाऱ्याची वाळू एकाच सातबाऱ्यावर असल्यासारख्या. वाळू ट्रकमध्ये भरून नेली तर रॉयल्टी सरकारजमा. त्याच वाळूवर कुणी पत्रावळी टाकून गेला तर त्या उचलायच्या पंचायतीने. वाळू सरकारची, कचरा गावाचा. मग गावाने रस्त्याच्या तोंडाशी खुर्ची टाकली तर त्याला वाटमारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरी कर आणि फी यांतला फरक विसरून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात तो मांडला. कर द्यायचा तो द्यायचा म्हणून, बदल्यात अमुक मिळेल असं नाही. फी मात्र सेवेच्या बदल्यात असते. पुढच्या निकालांनी हा तराजू बराच सैल केला, पैशाला पैसा जुळलाच पाहिजे असं आता कुणी म्हणत नाही. पण गाडी लावणाऱ्याच्या मनात तोच जुना तराजू असतो. पैसे दिले, आता मला काय दिलंत?

प्रकाशाला गेलं की हा प्रश्न फार जुना आहे हे कळतं. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव स्वतःला दक्षिणकाशी म्हणवतं. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी मंदिरं, आणि गौतमेश्वराची गुरू सिंहेत आल्यावर बारा वर्षांनी भरणारी सिंहस्थाची यात्रा. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी इथे खणलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर काढले. थर म्हणजे काय, तर काठावरच्या लोकांनी टाकलेली फुटकी मडकी, हाडं, राख. साडेतीन हजार वर्षं माणूस या काठावर कचरा टाकतो आहे. तीन हजार वर्षं झाली की त्याला खापरं म्हणतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. कुरकुऱ्याच्या पाकिटाला ते भाग्य कधी लाभेल, मला शंका आहे.

कोकणाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथली खुर्ची याच खुर्चीची बहीण आहे. जून २०२० मध्ये राज्याने आठ किनाऱ्यांवर बीच शॅकना परवानगी द्यायचं ठरवलं, त्यात वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवे, बोर्डी होते. २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूजवळचा पारनाका या किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मिळाला. हे मानांकन डेन्मार्कमधली संस्था देते आणि त्याचे ३३ निकष आहेत. पाणी तपासायचं, शौचालयं ठेवायची, जीवरक्षक ठेवायचे. यांतलं काहीही एकदा करून भागत नाही, दर हंगामात करावं लागतं. आणि जीवरक्षकाचा पगार ही चैन नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. किनाऱ्याची देखभाल म्हणजे नुसता झाडू नाही, हे त्या दिवसानंतर कुणाला सांगावं लागू नये.

गोव्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये कळंगुट पंचायतीने गावात शिरणाऱ्या पर्यटकांवर कर लावायचा ठराव केला. गोव्यात किनाऱ्यावरचे जीवरक्षक सरकारच्या कंत्राटावर आहेत, तरी गावाचं म्हणणं होतं की पाहुणे येतात, घाण करतात आणि गाव भोगतं. त्या वाक्याखाली तापीकाठचा कुठलाही सरपंच सही करील.

एडिसनला राहणारा माझा आतेभाऊ सांगतो, न्यू जर्सीत समुद्रावर जायला बिल्ला लावावा लागतो. ब्रॅडली बीच या गावाने तो १९२९ मध्ये सुरू केला. पुढे शेजारच्या अॅव्हन गावाने गावकऱ्यांना स्वस्त आणि बाहेरच्यांना महाग असे दर ठेवले, तेव्हा नेपच्यून सिटी या शेजारगावाने दावा लावला. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किनारा सगळ्यांचा, फी घ्या पण सगळ्यांना सारखी घ्या. बिल्ला बुडाला नाही, भेदभाव बुडाला. आमच्याकडे उलट आहे. इथे गावकऱ्याला बहुधा कुणी अडवत नाही, आणि शिपाईही गावातलाच असल्याने त्याला अडवायचं धैर्यही नसतं. "मामाला काय पावती फाडू?" तो मला म्हणाला.

आता अडचणी. संपादकांनी सांगितलं होतं, शेवटी उपाय द्या. उपाय शोधायला बसलो आणि अडचणींतच रुतलो.

पहिली अडचण पैशाच्या वाटेची. शिपायाने दिवसभर गोळा केलेली रक्कम संध्याकाळी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, तिथून नमुना ५ च्या रोकडवहीत, आणि शेवटी ग्रामनिधीत जाते. ग्रामनिधी हा एकच रांजण. घरपट्टी त्यातच, बाजार फी त्यातच, घाटावरची पावती त्यातच. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि ते योग्यच आहे. मग दिवाबत्तीचं बिल, पाणी योजनेची मोटार, शिपायाचा पगार. त्यातून काठाकडे परत काय येतं हे वहीत वेगळं दिसत नाही. कोणी खाल्ले असं मी म्हणत नाही. रांजणात ओतलेल्या पाण्याला कुठल्या विहिरीचं हे विचारता येत नाही, एवढंच.

दुसरी अडचण मला जास्त छळते. पुष्कळ ठिकाणी पंचायती वसुली स्वतः करत नाहीत, तिचा जाहीर लिलाव करतात. अनामत रक्कम भरायची, बोली लावायची, ज्याची बोली सर्वांत वर त्याला वर्षाचा मक्ता. पंचायतीचं भलं दिसतं. रक्कम आगाऊ मिळते, शिपाई मोकळा, भांडणं मक्तेदाराच्या डोक्यावर. पण मक्तेदाराने विकत काय घेतलं? पावती फाडायचा हक्क. झाडायचं काम त्याने घेतलेलं नाही, ते पंचायतीकडेच राहिलं, आणि पंचायतीला तर पैसे आधीच मिळून गेले. आता काठ स्वच्छ राहावा यात कुणाचाच फायदा उरला नाही. उलट जास्त बोली लावलेल्या माणसाला ती भरून काढायची असते, मग पावतीवरचा आकडा आणि तोंडावरचा आकडा वेगळा होऊ लागतो, आणि ज्याला आपण पर्यटकाची हुज्जत म्हणतो ती इथून सुरू होते. माझा शिपाई निदान फेकलेली पावती उचलायला उठला. मक्तेदाराचा पोरगा का उठेल? करारात झाडूची अट घाला, सहा महिन्यांनी तपासा, न पाळल्यास अनामत जप्त करा. इतकं साधं कलम आहे, पण ते घातलं की बोली खाली येते आणि बोली खाली आली की विरोधी पॅनेल विचारतं, गेल्या वर्षीपेक्षा कमी का?

तिसरी अडचण अशी की सगळा किनारा पंचायतीच्या हातात नाहीच. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी पर्यटक येतात. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात, पेसा कायदा लागू, म्हणून ग्रामसभेचा शब्द वजनाचा. पण सभोवार जंगल, म्हणजे वनखातं आलं, आणि रस्ता बांधकाम खात्याचा. तापीकाठी पाणी पाटबंधाऱ्याचं, वाळू महसूलची, घाट बांधला असेल कुठल्यातरी योजनेतून. एका पावतीमागे इतके मालक. पूर आला आणि घाटाच्या पायऱ्या गाळाने भरल्या की हे सगळे मालक एकमेकांना पत्रं लिहितात. पायऱ्यांवर फावडं घेऊन उतरतो तो पुन्हा नळाचे व्हॉल्व्ह फिरवणारा शिपाईच.

संध्याकाळी त्याने पुस्तक मिटलं, नोटा आणि चिल्लर मोजली, स्थळप्रतींची बेरीज दोनदा केली. बेरीज जुळली. मग खुर्ची उलटी करून चहाच्या टपरीत ठेवली आणि खराटा घेऊन काठाकडे गेला. मी विचारलं, यातले किती पैसे या खराट्यासाठी येतात? तो म्हणाला, खराटा घरचा शे.

आमच्या तापीकाठच्या वाचकांना एवढंच सांगणं. दत्तजयंती मार्गशीर्षात येते आणि २६ जानेवारीची ग्रामसभा त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवणं पंचायतीला बंधनकारक आहे, पण यात्रेचा हिशेब ताजा असतानाच विचारलेला बरा. त्या दिवशी जिलबी खाऊन घरी जाऊ नका. बसा, आणि काठावर जमा किती, काठावर खर्च किती, हे दोन आकडे वेगळे मागा. आणि एक खराटा मंजूर करून घ्या.